गोधडीखालची पिओनी

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत यापुढे कोणीही, कोणत्याही परिस्थितीत, पिओनी नावाच्या फुलझाडाला गोधडी घालू नये. दुलई घालू नये. सोलापुरी चादर, शाल, मफलर घालू नये. आणि स्वतःच्या नवऱ्याचं थर्मल बनियन तर अजिबात घालू नये. हुकमावरून.

हे निवेदन नक्की कोणासाठी, असं तुम्ही विचाराल. आता कोणासाठीच नाही. ज्यांच्यासाठी होतं त्या नलूकाकू आमच्या गल्लीत राहत नाहीत. कुठेच राहत नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा टेक्सासहून फोन आला. मी "हो, हो" म्हणत ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि डिशवॉशर लावला. भांडी बाहेर काढताना लक्षात आलं की साबण टाकलाच नव्हता. मग पुन्हा लावला. त्या संध्याकाळी एवढंच झालं.

नलूकाकू आमच्या डाव्या हाताच्या शेजारी. मूळच्या अमरावतीच्या. तिथल्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. दोघं रिटायर झाल्यावर मुलाने, म्हणजे श्रीकांतने, त्यांना इकडे आणलं, देशी दुकानांच्या आयसेलिनपासून जवळच घर घेतलं, आणि मग त्याच्या कंपनीने त्यालाच उचलून टेक्सासात शुगर लँडला नेलं. आई-वडील मात्र इथेच राहिले. काकूंना भाजी-किराणा हाकेच्या अंतरावर हवा होता आणि अण्णांना बर्फ हवा होता.

हो, बर्फ. अण्णा म्हणायचे, "आयुष्यभर भाजलो, आता जरा गार होऊ द्या." पहिला बर्फ पडला की हा माणूस चहाचा कप घेऊन अंगणात उभा राहायचा आणि खिडकीच्या आतून काकू काचेवर बांगड्या आपटायच्या.

कारण नलूकाकूंचं थंडीशी उभं वैर. मी एकदा त्यांना चिडवलं, "काकू, तुम्ही समशीतोष्ण कटिबंध शिकवायचात ना?"

"शिकवायची ना बापा," त्या म्हणाल्या. "पण ते पोट्ट्यांच्या परीक्षेसाठी होतं. तिथे जाऊन राहा असं पुस्तकात कुठे लिहिलं होतं?"

लोक भेटल्यावर नमस्कार करतात, हाय म्हणतात. नलूकाकू सरळ तुमचा कान धरायच्या. दोन बोटांत पाळी पकडून तापमान बघायच्या आणि निकाल द्यायच्या. "बर्फ झाला आहे नुसता! टोपी काहून नाही घातली?" माझा कान धरला, माझ्या बायकोचा, मेधाचा धरला, एकदा घर बघायला आलेल्या इन्शुरन्सच्या माणसाचाही धरला. आमचा पोस्टमन सहा फुटांचा, दंडावर गरुड गोंदलेला. त्याला काकूंनी नारिंगी लोकरीची कानटोपी विणून दिली, हनुवटीखाली बंद आणि वर गोंडा. तो गरुडवाला राक्षस हिवाळाभर ती घालून पत्रं वाटत फिरायचा. मी विचारलं तर म्हणाला, "ती खिडकीतून बघते."

आता मूळ मुद्द्याकडे वळतो.

एका ऑक्टोबरात अण्णा नर्सरीतून एक कागदी पिशवी घेऊन आले आणि ती किचनच्या ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले. काकूंनी पिशवीत डोकावलं. आत एक तपकिरी, गाठाळ, मातकट कंद. काकूंनी तो सुरण आहे असं ओळखलं आणि त्यांना आनंदच झाला, कारण इतका ताजा सुरण दुकानात मिळत नव्हता. त्यांनी चिंच भिजत घातली आणि सुरी काढली.

पुढचं ओरडणं मी माझ्या घरात बसून ऐकलं.

"अहो, ते झाड आहे! झाड!"

"मग ओट्यावर काहून ठेवलं?"

ते पिओनीचं मूळ होतं. अण्णांनी ते स्वतःच्या हाताने मागच्या अंगणात, कुंपणाजवळ लावलं. काकूंनी विचारलं, फूल कोणत्या रंगाचं येणार. अण्णांनी खिशातलं लेबल काढलं, चुरगाळलं, थेट कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि म्हणाले, "तुझ्यासाठी आणलंय. मे महिन्यात बघ."

अण्णांनी मे महिना पाहिला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं आणि तिथून ते परत आले नाहीत.

आमच्या इथल्या मराठी मंडळात गणपतीची कमिटी असते तशी दुःखाचीही असते. तिचे सभासद डबे घेऊन आले, सोफ्यावर बसले आणि वाट पाहू लागले. नलूकाकू रडल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, दोघा-तिघांचे कान तपासले आणि डबे धुऊन परत केले. दारात मला एका बाईंनी गाठलं आणि हळूच विचारलं, "रडल्या का हो?" जणू निकाल कधी लागणार ते माझ्या हातात होतं. पुढे महिने गेले तरी तोच प्रश्न. कोणी म्हणालं धक्का बसलाय, कोणी म्हणालं मुळातच कोरड्या आहेत.

काकूंनी मला एकदा आपणहून सांगितलं. आम्ही गाडीत होतो, मी त्यांना दाताच्या डॉक्टरकडून घरी आणत होतो. त्या इंजेक्शनने बधिर झालेला उजवा गाल चाचपत म्हणाल्या, "हा गाल आहे ना, आता असा झाला आहे. आहे, पण माझा नाही. हात लावला तर समजते की कोणाला तरी हात लागला. तुझे अण्णा गेले तेव्हापासून मी सगळीच अशी आहे रे. लोक येतात, रड म्हणतात. कशी रडू? कोणाला लागून राहिलं आहे?"

सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी पुढे काढली.

तर अशा अवस्थेतल्या बाईच्या हातात ते झाड आलं. थंडी सुरू झाली आणि काकू अंगणात गेल्या. अण्णांनी लावलेलं, जमिनीखाली काही दिसत नाही, आणि वरून हिवाळा. त्यांनी काय करावं अशी अपेक्षा होती? त्यांनी आधी मातीचा एक थर घातला, मग पालापाचोळा, मग अमरावतीहून आणलेली गोधडी. चार कोपऱ्यांवर चार विटा. बर्फ पडला की गोधडी भिजायची, मग गोठून पापडासारखी कडक व्हायची. काकू ती उचलायच्या, गॅरेजमध्ये वाळत घालायच्या, तोवर दुसरी घालायच्या. त्यांच्याकडे गोधड्यांच्या पाळ्या लागलेल्या होत्या.

मेमध्ये पानं आली. फूल नाही.

"पहिल्या वर्षी येत नाही म्हणे," मी म्हणालो.

"हो का," काकू म्हणाल्या. मग पानांकडे बघत: "रंग बघायचा आहे रे मला. दुकानात उभं राहून त्यांनी माझ्यासाठी काय निवडलं ते. तो त्यांचा शेवटचा विचार आहे माझ्याबद्दल. मला माहीतच नाही काय केला ते."

आवाजात काही नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

दुसऱ्या हिवाळ्यात बंदोबस्त वाढला. आधीची माती होतीच, ती काढणार कशाला, "अंगावर असलेलं बरं." तिच्यावर आणखी माती, दोन गोधड्या, सोलापुरी चादर. आणि सर्वात आत, मातीला लागून, अण्णांचं थर्मल बनियन. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मेमध्ये पानं आली, तीही आदल्या वर्षीपेक्षा कमी. फूल नाही.

आता या कथेत डोनाचा प्रवेश. डोना म्हणजे काकूंच्या पलीकडची शेजारीण. जन्मभर शाळेची बस चालवलेली, आवाज हॉर्नसारखा. तिच्या कुंपणाशी पिओन्यांची आख्खी रांग, तिच्या आईने लावलेली. दर मेमध्ये तिथे पाणीपुरीवाल्यापुढे असावी तशी फुलांची गर्दी. आणि ही बाई दोन वर्षं काकूंच्या गोधड्या बघत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. का बोलली नव्हती ते सप्टेंबरात उलगडलं.

काकू आणि मी अंगणात होतो. डोना कुंपणाशी आली, टोपी काढली, आणि तिच्या मानाने अगदीच हळू म्हणाली, "नॅलू, कॅन आय आस्क यू समथिंग?" मग त्या मातीच्या उंचवट्याकडे बोट करून, "इज ही इन देअर?"

"हू?" काकू म्हणाल्या.

"युअर हजबंड, हनी."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळं दिसलं. मातीचा लांबट ढीग. चार कोपऱ्यांना विटा. त्यावर पांघरूण, आणि एक विधवा बाई हिवाळाभर रोज येऊन ते नीट करते. ढिगातून वर आलेली चार खुरटी पानं डोनाला तण वाटली होती, आणि दोन वर्षं ती त्या ढिगासमोरून जाताना छातीवर क्रूस काढत होती. एवढंच नाही, तर मेमोरियल डेला, म्हणजे इथल्या शहीद सैनिकांच्या स्मरणदिनी, तिने तिथे अमेरिकेचा छोटा झेंडाही खोचला होता. तो काकूंनी पाहिला होता. पण रस्ता खणण्याआधी गॅसवाले असे छोटे झेंडे लावून जातात, म्हणून त्यांना वाटलं खालून पाइप गेला असेल. सरकारी काम म्हणून त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

मला हसू फुटत होतं. काकू माझ्याकडे वळल्या. "काय म्हणून राहिली ही?"

मी सांगितलं. मला वाटलं त्या हसतील, किंवा आता तरी रडतील. त्यांनी ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अर्धे आहेत म्हणून सांग."

ते मी इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे. आत झाड आहे, पिओनी आहे, त्यांनी लावलेली, असं काहीतरी म्हणालो. डोनाचा चेहरा दुखवट्यातून थेट संतापात गेला. टोपी परत डोक्यावर, आवाज परत हॉर्नवर. "पिओनी? त्याच्याखाली पिओनी आहे?" ती फाटकातून आत आली, गुडघ्यांवर बसली आणि हाताने माती उपसू लागली. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. अण्णांनी लावलं तेव्हापासून त्या मुळाला कोणाचा हात लागला नव्हता.

"तिला म्हण, हळू," काकू म्हणाल्या. "हळू म्हण."

मग काकू स्वतः घरातून उलथणं घेऊन आल्या आणि थालीपीठ सोडवावं तशी कडेने माती सोडवू लागल्या. खाली, बऱ्याच खाली, बटाट्याला असतात तसे गुलाबी डोळे दिसले. डोनाने आपली दोन बोटं आडवी धरून दाखवली. डोळ्यांवर एवढीच माती हवी. जास्त झाली की झाड पानं काढतं, फुलं नाही. आणि पांघरूण नको. "इट नीड्स द कोल्ड. नो कोल्ड, नो फ्लॉवर." काकूंनी ते वाक्य माझ्या मदतीशिवाय समजून घेतलं. तरी मला विचारलं, "खरं सांगून राहिली का ही?"

मी फोनवर बघून हो म्हटलं.

मग डोनाने हिवाळ्याचे नियम सांगितले. दव गोठून पानं काळी पडली की दांडे जमिनीलगत कापायचे. कापलेलं कचऱ्यात टाकायचं, तिथे ठेवायचं नाही, रोग राहतो. आणि मग काहीही करायचं नाही.

"कापायचं, फेकायचं आणि उघडं टाकायचं," काकू म्हणाल्या. "ही काय सेवा झाली?"

पण केली. नोव्हेंबरात किचनची कात्री घेऊन त्यांनी एकेक दांडा कापला. गोधड्या धुऊन माळ्यावर ठेवल्या. अंगणात एक काळा गोल राहिला, आणि तो घराच्या खिडकीतून सरळ दिसत होता.

तो हिवाळा त्यांना फार जड गेला. थंडीची लाट आली की मला ऑफिसमध्ये फोन. मी मीटिंगमध्ये म्यूट करून बसलेलो.

"उघडं आहे रे ते."

"काकू, वर बर्फ आहे ना. तेच पांघरूण."

"बर्फाचं पांघरूण! कोणी शिकवलं तुला विज्ञान?"

"तुमच्यासारख्याच बाईंनी."

फोन बंद.

जानेवारीत एका दुपारी मेधा घरून काम करत होती. तिला खिडकीतून काकू दिसल्या. अण्णांचा कोट घालून त्या काळ्या गोलापाशी उभ्या. दंडावर घडी केलेली शाल, हातमोजे नाहीत, डोक्यावर काही नाही. बराच वेळ झाला तरी हलेनात, तेव्हा मेधा धावली आणि त्यांना आत घेऊन आली. हात कोमट पाण्यात धरले. बोटं पांढरी पडली होती.

"काय हे काकू! झिणझिण्या येताहेत का? काही जाणवतंय?"

"नाही," काकू म्हणाल्या. पाण्यातल्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. "पण तुला सांगू, बरं वाटून राहिलं. आतून आहे तसंच बाहेरून झालं एकदाचं."

शाल कोरडी होती. घालायला नेली होती आणि घातली नव्हती. मेधाने संध्याकाळी मला हे सांगितलं, आणि मग आम्ही दोघांनी काहीतरी मालिका लावून तिच्याकडे बघितलं.

श्रीकांत तिकडून दर रविवारी व्हिडिओवर म्हणत होता, "आई, इकडे ये ना. इथे थंडीच नाही." शेवटी त्याने घर विकायला काढलं. गिऱ्हाईकही मिळालं. काकूंनी एकच अट घातली: मे संपल्याशिवाय हलणार नाही. श्रीकांतने मे संपतानाचं तिकीट काढलं.

मार्चअखेर मातीतून लाल कोंब आले, जाडजूड, शतावरीसारखे. एप्रिलमध्ये पानं. आणि मेच्या सुरुवातीला, एकच कळी. हिरवी, गोटीएवढी, घट्ट मुठीसारखी. दुसऱ्या दिवशी तिच्यावर मुंग्या चढल्या. काकूंनी झाडाभोवती हळदीचं रिंगण काढलं. डोना ओरडली, मुंग्यांना राहू दे, त्या नेहमीच येतात. काकूंनी तिला न जुमानता रिंगण दाट केलं. मुंग्यांनी दोघींनाही जुमानलं नाही.

गल्लीत अंदाज सुरू झाले. मेधा म्हणाली पांढरं. पोस्टमन म्हणाला लाल. डोनाने कळीला नाक लावून कोरल, म्हणजे पोवळ्याच्या रंगाचं, असं जाहीर केलं. मी थोडं नाट्यमयच बोललो, की अण्णांसारखा माणूस पिवळं शोधून आणेल. काकूंनी अंदाज केला नाही. खोक्यांमध्ये भांडी भरत राहिल्या. कळी फुगत गेली, पण मिटलेलीच. हिरव्याच्या फटीतून रंग दिसतो का म्हणून मी रोज वाकून बघायचो. काकू बघायच्या नाहीत. "उघडेल तेव्हा उघडेल," म्हणायच्या, आणि मग हळूच, "नाही उघडली तर?"

तिकीट शनिवारचं होतं. बुधवारी श्रीकांत आला. गुरुवारी गरम झालं, कधी नव्हे तो उकाडा.

शुक्रवारी सकाळी डोनाचा हॉर्न वाजला. "नॅलू! नॅलू! गेट आउट हिअर!"

मी चहा तसाच सोडून धावलो. मेधा माझ्यामागे. श्रीकांत हातात चिकटपट्टी घेऊन. आणि मागच्या दारातून नलूकाकू, अर्धे केस विंचरलेले, अर्धे मोकळे, कंगवा तसाच हातात. आम्ही बाजूला झालो.

फूल उघडलं होतं. जेवणाच्या वाडग्याएवढं. स्वतःच्याच वजनाने थोडं कललेलं. इतका भडक रंग मी त्या अंगणात कधी पाहिला नव्हता.

काकू त्याच्यासमोर थांबल्या. वाकल्या नाहीत, हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांची हनुवटी हलायला लागली. श्रीकांत पुढे झाला, "आई?" त्यांनी त्याला हाताने थांबवलं. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि कंगवा त्या फुलावर रोखून नलूकाकू अशा काही कडाडल्या की डोनाच्या हातातली कॉफी सांडली:

"अहो, पुन्हा राणी कलर? लग्न झालं तेव्हापासून सांगून राहिली तुम्हाला, मला राणी कलर आवडत नाही म्हणून!"